हेडफोनचं भोक

१

जुनी वस्तू घेताना आधी तिची भोकं तपासावीत. मी जन्मभर नळ जोडत आलोय, मला ठाऊक आहे. वस्तू मधे बिघडत नाही, तोंडाशी बिघडते. जिथे काहीतरी आत शिरतं किंवा बाहेर पडतं, तिथे. सुनेला मी हे रस्ताभर सांगत होतो आणि ती "हो बाबा, हो बाबा" करत फोनमध्ये दुकान शोधत होती. ऐकत नव्हती. तिचा दोष नाही, मीच तेच तेच सांगत होतो.

लॅपटॉप घ्यायचा होता. माझ्यासाठी नव्हे, मला काय त्याच्यावर कपडे वाळत घालायचेत? म्हातारीसाठी. म्हातारी म्हणजे आमची मंडळी. तिची वाचा गेली होती. एका सकाळी माझ्यापुढे चहा धरून "अहो, तुमचा" एवढं म्हणाली आणि पुढचा शब्द आलाच नाही. अर्धांगाचा झटका. कप मी धरला, तिला धरायला उशीर झाला. मग दवाखाना, मालीश, काठी. पाय ओढत का होईना चालायला लागली. उजवा हात काठी धरण्यापुरता सुधारला. आवाज मात्र परतला नाही. डॉक्टर म्हणाला, घसा धडधाकट आहे, शब्द हरवलेत, रोज सराव करून घ्या. सराव घेणारी बाई परगावी राहते, पडद्यावरून शिकवते. फोनच्या टीचभर पडद्यावर म्हातारीला तिचे ओठ दिसेनात. म्हणून लॅपटॉप.

आधी तिचा आवाज कसा होता ते सांगितलं पाहिजे. पत्र्यावर कानस घासावी तसा. मी तळमजल्यावर कुणाच्यातरी बेसिनखाली डोकं घालून पडलेलो असायचो आणि ही वरच्या मजल्यावरून "अहो" करायची, की सगळ्या इमारतीतले नवरे खिडकीत यायचे. मला लाज वाटायची. आता ती कपावर चमचा वाजवून बोलावते. टिंग टिंग. मी उठतो, जातो. पण चमच्याला काय म्हणायचं असतं ते अजून मला समजलेलं नाही.

२

दुकान अरुंद होतं, बोळासारखं. काचेच्या टेबलामागे फळ्यांवर लॅपटॉप उभे करून ठेवलेले. दुकानदार पोरगेलासा, कानावर स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला. म्हणाला, काका, हे रिफर्बिश्ड आहेत, सेकंडहँड नाहीत. फरक काय, विचारलं. तर म्हणे साफ करून, खराब पार्ट बदलून, तपासून ठेवलेले असतात. म्हणजे जुनेच, तोंड धुऊन बसवलेले, मी म्हटलं. सुनेने मला कोपर मारलं.

तीन-चार मी नापास केले. एकाची चार्जिंगची पिन दुधाच्या दातासारखी हलत होती. एकाच्या डाव्या अंगाच्या भोकात पेन ड्राइव्ह बोटाने दाबून धरावा लागत होता. एकाला मोठ्या स्क्रीनची वायर लावली तर चित्राला पट्टे. दुकानदाराचं "काका" हळूहळू कोरडं होत चाललं होतं.

मग त्याने एक राखाडी रंगाचा काढला. सुनेने एकेका भोकात पेन ड्राइव्ह घालून पाहिला, माउस लावून पाहिला. पिन हलवली, हलली नाही. स्क्रीनची वायर लावली, चित्र स्वच्छ. इंटरनेटची वायर कट्ट करून बसली. राहिलं ते कडेचं गोल भोक, हेडफोनचं. सुनेने हेडफोन कानाला लावून गाणं चालू केलं आणि मान हलवली. काही नाही. दुकानदाराने दुसरा हेडफोन दिला. तरी काही नाही. त्याने स्वतः लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"आण इकडे," मी म्हटलं.

माझा उजवा कान अर्धा गेलेला आहे, त्यामुळे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहू देत. मी हेडफोन चढवला.

गाणं नव्हतंच. पण अगदी काहीच नव्हतं असंही नाही. रिकाम्या टाकीत डोकं घातलं की जागेचा एक आवाज येतो, पाण्याचा नाही, हवेचा नाही, नुसत्या जागेचा. तसा. मग कुठेतरी खुर्ची सरकली. खिडकीची कडी हलली. आणि अगदी जवळून, मऊ आवाजात, कुणी बाई म्हणाली, "अहो."

"ओ," मी म्हटलं.

ठरवून नाही म्हटलं. कितीतरी महिन्यांनी कुणी मला अहो म्हटलं होतं. तोंडातून निघून गेलं.

"आलात?" ती म्हणाली. दारात उभं राहून राहून पाय भरून आलेलं माणूस खाली बसतं ना, तशी म्हणाली.

दुकानदार विचारत होता, काका, कुणाला ओ देताय? मी हेडफोन काढला आणि त्याला म्हटलं, तुलाच, तू हाक मारलीस ना. तो म्हणाला, नाही.

३

त्याने लॅपटॉप उलटा करून पाठीचं झाकण काढलं. आत बघून तो चुकचुकला. त्या भोकापासून आत जाणारी वायरच नव्हती. तुटलेली नव्हती, कातरून काढलेली होती, मुळापासून, नीट. आधीच्या मालकाने काढली असणार, म्हणाला, का ते कळत नाही. हे भोक मेलेलंच समजा. तुम्ही दुसरा घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत मी नवं बसवून देतो.

"आहे तसा दे," मी म्हटलं.

सून माझ्याकडे बघतच राहिली. ज्या माणसाने दुधाचा दात म्हणून एक नापास केला तो मेलेल्या भोकाचा लॅपटॉप मागतोय. मी तिला पटवलं की स्पीकर चालतोय, सराववाल्या बाईचा आवाज त्यातून येईल, त्या भोकाची गरजच काय. दुकानदार म्हणाला, वापरून बघा, नाही पटला तर महिनाअखेरपर्यंत परत आणा. सुनेला ते बरं वाटलं. तिथलाच एक हेडफोनही मी पिशवीत टाकला. तो कशाला, हे तिने विचारलं नाही. म्हातारा माणूस वाद घालायचा थांबलाय यातच ती खूश होती.

घरी येताना मी मनाशी हिशेब मांडला. कान खराब झाला की आपोआप आवाज येतात, कानाच्या डॉक्टरने मला सांगितलेलं आहे. शिवाय वायरीत कधीकधी दुसऱ्याचं बोलणं शिरतं. पूर्वी टेलिफोनवर व्हायचं, तिसरीच माणसं मधे भांडायची. असलं काहीतरी. पटलं मला. पण वायर कातरलेली होती, हे मी त्या हिशेबात धरलं नाही.

४

सराव सुरू झाला. म्हातारी टेबलाशी बसायची, पडद्यावरची बाई ओठ गोल करून दाखवायची. आजी, म्हणा आ. आजी, म्हणा ओ. शाब्बास आजी. मला राग यायचा. जिच्या तोंडाला इमारत घाबरायची तिला शाब्बास म्हणणारी ही कोण? पण म्हातारी निमूट ओठ गोल करायची. हवा यायची नुसती. मग ती माझ्याकडे बघायची, आणि मी खिडकीपाशी काहीतरी काम काढायचो.

दुपारी सून आणि मुलगा कामावर, म्हातारी आतल्या खोलीत झोपलेली. मी लॅपटॉप पुढ्यात घेऊन हेडफोन लावला. तो चालू कसा करतात ते मला येत नव्हतं, म्हणून बंदच होता.

"अहो, जेवलात का?" ती म्हणाली.

मेन कॉक बंद असताना नळाला पाणी येत असेल तर समजावं की कुणीतरी कुठूनतरी दुसरी लाइन जोडलीय. तोटीशी झटून उपयोग नसतो. हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, जेवलो.

त्यानंतर दुपारी रोज बसायला लागलो. ती फार काही बोलायची नाही. पाय भिजले नाहीत ना. आज उशीर झाला. थकलात का. मी हो-ना करायचो. ती जिथे होती तिथे एक खोली होती, एक खुर्ची, एक खिडकी. बाहेर काय दिसतं म्हणून विचारलं तर म्हणाली, उजेड आहे, पण सकाळचा नाही आणि संध्याकाळचाही नाही. दार आहे का? आहे की, म्हणाली, पण उघडलं की पलीकडे हीच खोली.

ती कोण हे मी विचारलं नाही आणि तिनेही मला विचारलं नाही. आमच्या पिढीत नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ती अहो म्हणते, तो अगं म्हणतो, एवढ्यावर संसार होतात. नाव घ्यायची रीत असती तर पहिल्याच दिवशी राँग नंबर म्हणून दोघंही गप्प झालो असतो. अहोला नाव नसतं. ज्याच्या कानावर पडेल त्याला ते लागू होतं.

शेवटी मलाच कसंतरी वाटायला लागलं. एका दुपारी म्हटलं, बाई, मी तुमचा तो नव्हे. खुर्ची करकरली.

"असं नका म्हणू," ती म्हणाली. "ओ तुम्हीच दिलीत."

५

हेडफोन असला की चमचा ऐकू येत नाही. त्या दुपारी म्हातारी केव्हा उठली, किती वेळ वाजवत बसली, मला पत्ता नाही. वर पाहिलं तेव्हा ती समोर उभी होती, काठीवर सगळा भार टाकून. माझ्याकडे बघत नव्हती. लॅपटॉपच्या कडेला बघत होती. डावा हात पुढे करून तिने तिथे, भोकाच्या तोंडावर, पालथा धरला. चुलीची धग बघतात तसा. मग झटकन मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर भोकावर चिकटपट्टी. तिच्याच औषधाच्या डब्यातली, जखमेवर लावायची, डाव्या हाताने वेडीवाकडी चिकटवलेली. मला वाटलं, चमच्याकडे दुर्लक्ष झालं त्याचा राग. माझा विचार त्यापलीकडे गेला नाही. मी नखाने पट्टी काढली आणि तिला समजावलं, अगं, चिकट आत गेलं तर परत करताना दुकानदार बोंब मारेल. ती ऐकत राहिली. तिचे ओठ हलले. सराववाली शिकवते तसे गोल नाही, वेगळेच; काहीतरी सांगायला दम लावून हलले. हवा आली. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

तिला काय सांगायचं होतं, ते मी त्या वेळी थांबून बघायला हवं होतं. घाई कसली होती मला? दुपार व्हायची.

सकाळच्या सरावाला सराववाली बाई जरा हिरमुसलेली दिसली. म्हणाली, आजींच्या चेहऱ्यावर उजेड नाही, ओठ दिसत नाहीत. खिडकी उघडी होती, लख्ख ऊन होतं. मी खिडकीचा पडदा आणखी बाजूला सारला. तरी ती म्हणाली नाही दिसत. मग ती पडद्यात पुढे वाकली आणि अगदी अदबीने बोलली.

"आजींच्या मागे बसल्यात ना, त्या काकूंना जरा सरकायला सांगता का?"

घरात मी आणि म्हातारी. मी टेबलाच्या या बाजूला. म्हातारीच्या मागे जेवणाची एक रिकामी खुर्ची होती. रोज ती भिंतीला लावलेली असते. मी उठलो. का उठलो सांगता येणार नाही, पण मी जाऊन ती खुर्ची धरली आणि बाजूला सरकवली. जड लागली.

"हां, आता छान," सराववाली म्हणाली. "थँक्यू हं, काकू."

म्हातारीने मागे वळून पाहिलं नाही. तिने टेबलाखालून माझ्या सदऱ्याचं टोक पकडलं होतं. सराव संपेपर्यंत सोडलं नाही.

६

हेडफोन मी हत्यारांच्या पिशवीत तळाशी टाकला, वर पान्हे ठेवले. दुपारी लॅपटॉपकडे फिरकलो नाही. म्हातारीशेजारी खाटेवर बसून राहायचो. तिचे केस विंचरून द्यायला शिकलो, वाईटच विंचरले, तिने चमच्याने माझ्या हातावर मारलं. ते दिवस चांगले गेले. आता सगळं मिटलं असं मी धरून चाललो. तोटी बंद केली की गळती थांबते असं समजणारा नळवाला मी दुसरा पाहिला नाही.

सुट्टीचा दिवस होता. सून कपड्यांच्या घड्या घालत होती, मी दाढी करत होतो.

"अहो," आतून हाक आली. "टॉवेल देऊ का?"

सुनेच्या हातातला कपडा तिथेच पडला. ती आत धावली आणि रडायलाच लागली. आई, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. मुलगा उठून आला, तोही रडला. एवढा मोठा बाप्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून. मी साबण लावलेल्या तोंडाने दारात उभा. म्हातारी खाटेवर बसली होती, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि बोलत होती. थोडंथोडं, थांबून, पण स्पष्ट. मऊ आवाजात.

तो आवाज ऐकायला मला हेडफोन लागला नव्हता, एवढाच काय तो फरक.

डॉक्टरांनी सांगितलं, होतं असं, अशा आजारानंतर आवाजाची जात बदलते, काही गोष्टी आठवत नाहीत, घाबरू नका. मीठ कुठे असतं ते आईंना आठवायचं नाही, तर सून हसून दाखवायची. त्या आता मला बाळा म्हणतात, ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. आमच्या म्हातारीने तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. अगं ए म्हणायची, आणि तिच्या ताटात गुपचूप जास्तीचं वाढायची.

वाईट बाई असती तर सोपं होतं. पण ती वाईट नव्हती. पहिल्यांदा स्वयंपाकघरातला नळ सोडला तेव्हा धारेखाली हात धरून उभी राहिली, किती वेळ. पाणी वाया चाललंय, मी म्हणणार होतो, पण तिच्या डोळ्यांतूनही पाणी चाललं होतं. संध्याकाळी खिडकीत उभी राहून रस्ता बघायची. केवढी माणसं आहेत हो, म्हणायची. माझा चहा आधी गाळायची. माझ्या तुटलेल्या बटणाला तिने टाका घातला. नवरा परत आलेली बाई जशी वागेल तशी ती वागत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि तिच्यावर चिडताही येत नव्हतं.

फक्त डावा हात. ती बोलत असायची, आज ऊन छान आहे, असलं काहीतरी, आणि डावा हात आपला आपण चमचा शोधायचा. कपावर टिंग टिंग करायचा. तिचं लक्ष गेलं की ती उजव्या हाताने त्याला धरून ठेवायची. रागाने नाही. रडणाऱ्या पोराला धरतात तशी.

७

महिना संपत आला. सून म्हणाली, आईंना आता सरावाची गरज नाही, मग तो लॅपटॉप ठेवायचा कशाला, नाहीतरी त्याचं एक भोक मेलेलंच आहे, उद्या जाऊन परत देऊन येते. तिने तो पिशवीत घालून दाराशी ठेवला आणि भाजी आणायला खाली गेली. मुलगा कामावर होता. स्वयंपाकघरात ती, मऊ आवाजाची, चहा ढवळत होती.

मी हत्यारांची पिशवी उपडी केली. हेडफोन घेतला, खाटेवर बसून लॅपटॉप मांडीवर ठेवला. पिन भोकात जाईना. मग गेली.

तो जागेचा आवाज. खुर्ची आपटल्याचा आवाज, सरकवल्याचा नाही, आपटल्याचा. आणि मग पत्र्यावर कानस.

"अहो! बहिरे झालात का? केव्हाची घसा फोडतेय मी. ही कुणाची खोली आहे? इथे एकसुद्धा नळ नाही."

मला हसू आलं आणि त्यातच रडू. हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी दाबून बसलो. ती शिव्या घालत होती. मला, दाराला, त्या उजेडाला. मधेच थांबायची, कानोसा घ्यायची, आणि पुन्हा अहो. शब्द तिथे सापडले होते तिला, सगळेच्या सगळे. आणि ते सगळे ती मला हाक मारण्यावर उधळत होती.

ओठांवर आलेली ओ मी गिळली. मागच्या वेळी विचार न करता दिली होती आणि काय झालं ते समोर होतं. आता दिली तर कोण येणार, कोण जाणार? घसा एकच आहे. म्हातारीला तिथून काढायची म्हणजे इथल्या हिला त्या खोलीत ढकलायची, जिच्या दारापलीकडे तीच खोली आहे. आणि सगळं उलटंच झालं तर? दोघीही गेल्या, नुसतं चमचा वाजवणारं अंग उरलं तर? मुलगा, सून, त्यांचं काय? काही सुचेना. कानात ती अहो अहो करत होती. आवाज बसत चालला होता. दोन हाकांमधलं अंतर वाढत होतं.

ढवळणं थांबलं. पाय ओढत ती बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कानांकडे पाहिलं, आणि हातातला कप खाली ठेवला.

"ती हाक मारतेय ना?" ती म्हणाली. मी मान डोलावली.

"मग ओ द्या," ती म्हणाली. "नुसती हाक मारत राहायचं, फार वाईट असतं ते."

मी विचारलं, तुमचं काय होईल? ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला तुम्ही म्हटलं. तिने ते ऐकलं, तिला लागलं असावं, पण ती हसली. माहीत नाही, म्हणाली. मग पदर सारखा करून माझ्याशेजारी खाटेवर बसली, फोटोला बसतात तशी ताठ. नळाचं पाणी फार छान आहे तुमच्याकडे, एवढंच आणखी म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला. डावा. तो माझ्या ओळखीचा होता.

कानात शेवटची अहो आली, घोगरी, जवळजवळ नुसती हवा.

"ओ," मी म्हटलं. "ओ गं. इथे आहे मी."

हेडफोनमध्ये एकदम काही उरलं नाही. जागेचा आवाजसुद्धा. शेजारी तिने डोळे मिटले होते. हात आधी सैल पडला, इतका सैल की मी घाबरलो, मग हळूहळू त्याने माझी बोटं धरली. ओठ हलायला लागले. हवा आली. पुन्हा आली. जिन्यावर सुनेची पावलं वाजत होती.

मी हेडफोन काढून ठेवला आणि माझा चांगला कान तिच्या तोंडाशी नेला. जी कुणी बोलेल तिला दुसऱ्यांदा हाक मारायला लावायचं नाही, एवढं ठरवून.